अनुभव धागा: स्ट्रेंजर थिंग्ज सीझन ४ चा शेवट (आणि इतर भुताटकीच्या मालिकांचे शेवट), कुणाला पटला, कुणाला नाही?

धागा काढायचं कारण म्हणजे आमच्या ग्रुपात नेटफ्लिक्सवरच्या ह्या अमेरिकन मालिकेच्या त्या सीझनमधल्या शेवटच्या एपिसोडवरनं भांडणं व्हायला लागल्यात. निम्मे म्हणतात नाद खुळा, निम्मे म्हणतात सव्वादोन तासांच्या वर बसवून ठेवलं आणि हातात काय दिलं तर पुढच्या सीझनचं आमिष. माझं मत आधीच टाकतो म्हणजे शिव्या घालायला सोपं पडेल. मला शेवट आवडला, कारण व्हेक्ना, म्हणजे ह्यातला मुख्य राक्षस, जिंकला. त्याला चार जणांना मारून उलट्या दुनियेची, म्हणजे राक्षसांच्या जगाची, चार दारं गावात उघडायची होती, ती त्यानं उघडली, गाव चिरलं, विषय संपला. पोरांनी त्याला पेटवला, नॅन्सीनं बंदुकीनं गोळ्या घातल्या, तो माळ्याच्या खिडकीतनं खाली पडला आणि खाली जाऊन बघतात तर तिथं कोण न्हाईच. एरवी हॉररमध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत भूत जाळतात आणि सगळे जेवायला घरी, तसं इथं केलं नाही. तक्रार एकच, रशियाचा ट्रॅक. तिथं तुरुंगात अडकलेला पोलीसवाला हॉपर तलवार घेऊन डेमोगॉर्गन ह्या राक्षसाच्या अंगावर जातो ते भारी, पण तिथं पोचेपर्यंत मी दोनदा चहा केला.

तुमचं लिहा. दुसऱ्या मालिकेचं असलं तरी चालेल. स्पॉयलर बिनधास्त टाका, फक्त पाचव्या सीझनचं इथं काढू नका, आमच्यातल्या एकानं अजून बघितलेला नाही आणि तो लई हळवा आहे.

राजारामपुरी

मी पहिल्याच दिवशी बघितला, १ जुलै २०२२, शुक्रवार, आपल्याकडं दुपारी साडेबाराला आला होता. आदल्या संध्याकाळी नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झालेला त्यामुळं घरात टीव्हीवर फक्त बातम्या, बाबा रिमोट सोडायला तयार नाहीत, म्हणून मग मी वरच्या खोलीत मोबाईलवर, हेडफोन घालून. आणि खरं सांगू, त्यामुळंच जास्त भारी वाटलं, कारण क्रील हाऊसमधला, म्हणजे व्हेक्नाच्या जुन्या घरातला, तो भाग सगळा गप्प आहे. व्हेक्नाला आमिष म्हणून बसलेली मॅक्स आणि तिचा मित्र लुकास वहीवर लिहून बोलतात, आवाज केला तर प्लॅन फिसकटणार म्हणून. त्यात वहीवरच दोघांचं शुक्रवारी पिक्चरला जायचं ठरतं. इतकी साधी गोष्ट, आणि तिथंच मला कळलं की हिचं आता काय खरं नाही. भीती त्या राक्षसाची वाटलीच नाही, वाटली ती जेसन जिना चढून वर आला आणि वॉकमन पायाखाली चिरडला तेव्हा. तिचं आवडतं गाणं लावलं तरच ती व्हेक्नाच्या तावडीतनं सुटणार, म्हणजे सगळा प्लॅन एका कॅसेटवर उभा, आणि तो मोडला एका साध्या पोरानं. खालून बाबा ओरडले, "काय झालं गं?" म्हटलं काय नाही, सरकार पडलं.

मंगळवार पेठ

आम्ही बँडवाले त्यामुळं आमचं लक्ष एडीच्या, म्हणजे ह्या सीझनला नवीन आलेल्या पोराच्या, गिटारवर. त्या उलट्या दुनियेत आपल्या ट्रेलर-घराच्या टपावर उभा राहून तो मेटालिका बँडचं गाणं वाजवतो, वटवाघळं आपल्याकडं ओढून घ्यायला. आता गंमत बघा, ते गाणं ज्या अल्बमात आहे तो अल्बम मार्च १९८६ मध्ये आला आणि गोष्टसुद्धा मार्च १९८६ मधलीच आहे, म्हणजे ह्या बहाद्दरानं बाजारात आलेली नवी कोरी चीज काही दिवसांत बोटात बसवली. पटतंय का? मला पटतंय, आमच्यात पण असली पोरं हायत, गणपतीच्या आधी आठ दिवस गाणं ऐकतात आणि मिरवणुकीत सुरासकट वाजवतात. एपिसोडसाठी त्यातली गिटार मेटालिकाच्या बास वाजवणाऱ्या रॉबर्ट ट्रुहीयोच्या पोरानं वाजवली आहे, टाय ट्रुहीयो, त्यामुळं तो आवाज खोटा वाटत नाही.

पण त्याला मारायची गरज काय होती भावा? दोर कापून मागं फिरला, सायकल घेतली, वटवाघळांना लांब न्यायला. शूर हाय, मान्य. पण त्याचा दोस्त डस्टिन तिकडं सुरक्षित होता, आणखी थोडा वेळ पाहिजे होता एवढ्यासाठी हे. मला तर लेखकांनी मुद्दाम मारलेला वाटला, कारण त्यांना मुख्य पोरांपैकी कुणाला मारायचं धाडस न्हवतं. नवीन आलेला बोकड कापला.

कसबा बावडा

वरच्या राजारामपुरीवाल्या ताईंना, मॅक्सबद्दल. मी नर्स आहे, आयसीयूत ड्यूटी असते. तिचे हातपाय हवेत मोडतात, डोळ्यांतून रक्त, मग हृदय थांबतं आणि इलेव्हन, ती मनाची शक्ती असलेली पोरगी, मनातनं ते परत चालू करते. पुढं लुकास सांगतो की मिनिटभरापेक्षा जास्त वेळ बंद होतं. आता मिनिटभरानं मेंदू जात नाही, ऑक्सिजन नसला तर धोका साधारण चार मिनिटांनंतर वाढत जातो, म्हणजे एवढ्यावरनं पोरगी कोमात का हे डॉक्टरी हिशोबानं बसत नाही. आणि शेजारी बसलेला लुकास जिवाच्या आकांतानं रडतोय पण छाती दाबायला कुणी हात लावत नाही, मी घरी टीव्हीसमोर "अरे कॉम्प्रेशन दे, कॉम्प्रेशन" करून ओरडत होते, नवरा म्हणाला ड्यूटी संपली तुझी.

तरी सांगते, नंतरचा हॉस्पिटलमधला सीन खरा आहे. तो तिच्या उशाशी बसून पुस्तक वाचून दाखवतो. आमच्याकडं नातेवाईक असंच करतात, कुणी हरिपाठ लावतं, कुणी नुसतं आज भाजी काय केली ते सांगत बसतं. आणि इलेव्हन तिच्या मनात शिरून बघते तर आत काहीच नाही, नुसता काळोख. पूर्ण सीझनमध्ये मला त्याची भीती वाटली, त्या वेली-बिली काही नाही.

शाहूपुरी

वय जास्त आहे, मुलानं बसवलं म्हणून बघितली. आमच्या काळात १९९३ ला झी हॉरर शो यायचा, रामसे बंधूंचा, तिथं शेवट ठरलेला असायचा, त्रिशूळ नाहीतर देऊळ.

मी बरीच वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो आणि मला ह्या शेवटात एकच माणूस ओळखीचा वाटला, जेसन. त्याची मैत्रीण मेली, कारण कळत नाही, मग त्यानं कारण शोधलं: केस वाढवलेला, वेगळे खेळ खेळणारा एडी सैतानाचा भक्त आहे. सभेत उभा राहून सगळ्या गावाला पेटवलं. हे आपल्याकडं बघितलं नाही असा माणूस दाखवा. एखाद्या घरात लागोपाठ दोन मरणं झाली की वस्तीत बोट कुणा एकट्या बाईकडं जातं, करणी केली म्हणून. आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, तो यायला दाभोलकरांचा खून व्हावा लागला, आणि २०१५ मध्ये ह्याच आपल्या कोल्हापुरात पानसरेंवर गोळ्या झाडल्या. त्यामुळं मला अमेरिकेतली ती गोष्ट परकी नाही वाटली.

आता मालिकेची लबाडी सांगतो. जेसन चुकीचा आहे हे ती दाखवते, पण भूत मात्र खरं ठेवते. म्हणजे जमाव फक्त माणूस चुकला, भुताबद्दल बरोबरच होता. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणतो बाबा ही हॉरर आहे. असू दे. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही, व्हेक्नाचं दार उघडलं तेव्हा जेसन मधोमध चिरून मेला तरी गावाचं मत बदललं नाही. एडीच्या पोस्टरवर लोक घाण लिहून ठेवतात आणि त्याचा काका ते काढून नवीन लावतो. डस्टिन त्या काकाला सांगतो की तुमचा पोरगा पळाला नाही. हा सीन पन्नास भुतांच्या वर आहे.

आजरा

तुमचं इंग्रजी चालू द्या. आमच्याकडं आंबोली उतरलं की सावंतवाडी, सासुरवाडी आकेरीच्या अलीकडं, त्यामुळं घरात शब्द एकच, रात्रीस खेळ चाले. २०१६ ला पहिला भाग लागला तेव्हा बायको मालवणी ऐकायला बसायची आणि मी पांडूला. अण्णा नाईकांचा तो वाडा आकेरीतच आहे, गाडी तिथनं गेली की पोरं काचा वर करायची.

डेली सोपच्या हॉररचा शेवट हा प्रकारच अवघड आहे हे माझं म्हणणं. आठवड्याला पाच-सहा एपिसोड, रोज शेवटी कुणीतरी दचकणार, महिनोन्महिने गाठी मारत जायच्या आणि मग एका आठवड्यात सगळ्या सोडवायच्या. कुठलाही शेवट केला तरी लोक म्हणणार एवढ्यासाठी होय? तिसऱ्या सीझनला तर मधेच शेवंताच बदलली. अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर. भुताचा चेहरा बदलला तरी घरातल्या कुणाला काही वाटेना. दुसरा सीझन मला सगळ्यात आवडला कारण त्यात शेवट काय होणार ते आधीच माहीत होतं, पहिल्याच्या आधीची गोष्ट ना ती. माणूस मरणार हे माहीत असून बघायचं, ही भीती वेगळी.

सागरमाळ

थोडक्यात लिहिते. द हाँटिंग ऑफ हिल हाऊस, २०१८, दहा एपिसोड. शेवटाला कळतं की ज्याला त्याला आपली वाटलेली खोली, कुणाची खेळायची, कुणाची वाचायची, ती सगळी एकच, ती कुलूपबंद लाल खोली. अंगावर काटा. आणि मग पुढचा अर्धा तास सगळे एकमेकांना माफ करतात आणि केक कापतात. दिग्दर्शक माईक फ्लॅनगननं नंतर सांगितलेलं की शेवटच्या आनंदी सीनमागं लाल खोलीची खिडकी दाखवायचा विचार होता, म्हणजे ते अजून आतच आहेत, पण मग त्याला दया आली. नको होती यायला.

प्रयाग चिखली

इथं कुणी स्ट्रेंजर थिंग्जच्या शेवटच्या वीस मिनिटांवर बोललंच नाही. दोन दिवसांनंतरचं दाखवतात ते. गाव सोडून चाललेल्या गाड्यांची रांग, शाळेच्या जिममध्ये कॅम्प, कपड्यांचे ढीग, कुणी सँडविच लावतंय, कुणी घड्या घालतंय. तुम्हाला ते पोट भरायला टाकलेलं वाटलं असेल, मला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी त्रेचाळीस, आमचं गाव पाण्यात. आम्ही शहरात एका शाळेत. असेच ढीग. लोकांनी मनापासनं आणून दिलेले पण त्यात एकाच पायातली चप्पल, लग्नातला शेरवानी, काय वाट्टेल ते. माझी आई घड्या घालत बसायची, कुणी सांगितलं न्हवतं, हाताला काम पाहिजे म्हणून. मालिकेतल्या पोरांपैकी रॉबिन आणि स्टीव्ह तिथं जाऊन मदत करायला लागतात तेव्हा मी आईला हाक मारली, बघ म्हटलं. ती हिंदी डबिंगमध्ये बघत बसली, मागचं काही माहीत नसताना, आणि तिचा पहिला प्रश्न काय, "ह्यांचा पंचनामा झाला का?"

टीव्हीवर तिथं भूकंप म्हणून सांगतात सरकारी लोक. खरं कारण पाच-सहा पोरांनाच माहीत. हे मात्र लई पटलं.

राजारामपुरी (पुन्हा मीच)

बावड्याच्या ताई, मिनिटाचं मान्य, पण तिचे सगळे हातपाय मोडलेत की हो. चिखलीच्या दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आणि मंगळवार पेठ, एडीबद्दल भांडायचंच असेल तर रविवारी रंकाळ्यावर या, इथं टाईप करून माझी बोटं दुखायला लागली. मॅक्सच्या मनात शिरता यावं म्हणून पिझ्झाच्या पीठाच्या फ्रीजरमध्ये पाणी आणि मीठ टाकून इलेव्हनला झोपवतात त्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही, ते पण कुणीतरी घ्या. अननसाचा पिझ्झा चांगला लागतो हे त्या सीनमधलं एकमेव भयानक वाक्य आहे.