रजिस्ट्रेशनच्या कामाला पुढे भाव आहे का?

खिडकीपलीकडची: हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन काउंटरवर अकरा वर्षं काढली. नव्याने येणारी मुलं एकच विचारतात, या कामात राहावं का? माझं मत: राहा, पण टायपिंगच्या जोरावर नको. नाव, पत्ता, फोन भरून घेणं ॲप आणि किऑस्ककडे (पेशंटने स्वतः माहिती भरायचं मशीन) चाललंय, ते परत येणार नाही. उरतंय ते डोकं लावायचं काम. विमा चालू आहे का, या उपचाराला पूर्वमंजुरी लागते का, पेशंटला खिशातून किती भरावं लागेल, हे सगळं उपचाराआधी सांगणं. पगार वाढेल तो इथेच.

कोरा_कागद: ताई, ऐकायला बरं वाटतं, पण आमच्याकडे वेगळंच घडलं. पाच काउंटर होते, आता दोन आहेत आणि शेजारी किऑस्क. बाकीच्या तिघांना कुणी विम्याचं काम शिकवलं नाही. एकेक जण सोडून गेला आणि त्या जागा भरल्याच नाहीत. कपात अशीच होते, गाजावाजा न करता. विमा पडताळणीचं म्हणाल, तर विमा कंपनीची सिस्टिम काही सेकंदांत उत्तर देते आणि फोनाफोनी बाहेरच्या एजन्सीकडे गेलीय. नव्या मुलांना मी तरी या लाइनमध्ये या असं सांगणार नाही.

रात्रपाळी: इमर्जन्सीच्या काउंटरवर या एकदा. बेशुद्ध माणूस येतो. ना कार्ड, ना फोन, ना नातेवाईक. तात्पुरता नंबर काढायचा, रक्ताच्या नमुन्यावर तोच नंबर जायला हवा, आणि पहाटे ओळख पटली की जुन्या रेकॉर्डशी जोडणी. हे किऑस्क कसं करणार?

कोरा_कागद: मान्य. पण त्या कामाला रात्री किती माणसं लागतात? एक. एका खुर्चीवर सगळ्या पेशाचं भवितव्य ठरत नाही.

खिडकीपलीकडची: एकच खुर्ची कशी? ओळख पटवण्याचं काम दिवसाही चालतं. मागच्या महिन्यात एक बाई आल्या. स्क्रीनवर त्याच नावाच्या दोन नोंदी, एकीत जन्मतारीख 3-12, दुसरीत 12-3. सिस्टिमच्या मते दोन वेगळ्या व्यक्ती. मी विचारलं, "आधी आला होतात तेव्हा कुठे राहत होता?" त्यांनी सांगितलेला पत्ता जुन्या नोंदीशी जुळला. त्या नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली होती, नव्या नोंदीत तो रकाना कोरा. फाइल वर वॉर्डात जाण्याआधी मी तिथे फोन करून सांगितलं.

डब्ल्यूएचओने 2007 मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय काढले, त्यात ओळख पटवणं आहेच. नाव, जन्मतारीख अशा ओळखीच्या किमान दोन खुणा तपासायच्या, आणि खोलीचा नंबर त्यात धरायचा नाही. नावं जुळवणारं तंत्र म्हणाल, तर उच्चारावरून नावं शोधणाऱ्या साउंडेक्सचं पेटंट 1918 चं आहे. फेलेगी आणि सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी नोंदी जुळवण्याचं गणित 1969 मध्ये मांडलं. त्यातही 'जुळतं' आणि 'जुळत नाही' यांच्यामध्ये तिसरा ढीग आहे, 'कदाचित'. तो माणसाने हाताने तपासायचा. गणित मांडणाऱ्यांनीच आपली जागा ठेवलीय.

आकडेमोड: मी बिलिंगला आहे. पगार का हलत नाही ते आमच्या टेबलावरून नीट दिसतं. पॉलिसी नंबरात एक आकडा चुकला किंवा दोन विम्यांपैकी आधी कोणता ते उलटं पडलं, की क्लेम काही आठवड्यांनी नाकारला जाऊन आमच्याकडे येतो. नुकसान बिलिंगच्या खात्यात दिसतं. आणि तुम्ही नीट भरलेल्या शंभर फॉर्मची नोंद कुठेच होत नाही. म्हणून ग्रेड रिसेप्शनचीच राहते. नोंदणीतल्या चुकीमुळे किती क्लेम परत आले, हा आकडा दरमहा मागून घ्या. तो खाली आला तर तुमच्या हातात बोलायला काहीतरी असेल.

कोरा_कागद: आकडा मागा म्हणणं सोपं आहे. समोर रांग, कानाला फोन, एका पेशंटला जेमतेम चार मिनिटं. मोजमाप आलं की आधी मेमो येतो, पगारवाढ नंतर, तीही आली तर. सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर सगळ्यात महाग चुकीचा भार टाकताय तुम्ही.

खिडकीपलीकडची: हे तुमचं बरोबर आहे, मी याचा विचार केला नव्हता. मग आकडा आणि पदनाम दोन्ही एकत्र मागायला हवं. पडताळणीचं काम देताय, तर नेमणूकपत्रात तसं लिहा आणि ग्रेड बदला. अमेरिकेत नोंदणी आणि विमा पडताळणीच्या या कामाची 'पेशंट ॲक्सेस' अशी वेगळी शाखा आहे, तिची प्रमाणपत्र परीक्षा आहे. आपल्याला क्लार्क म्हणत राहतील तोवर पगारही क्लार्कचाच.

कोरा_कागद: आमच्याकडे पूर्वमंजुरीचं काम येऊन वर्ष झालं. सकाळचे दोन तास त्यातच जातात. पत्रावर अजून 'स्वागत सहायक' आहे. उद्या अर्ज देतो, उत्तर आलं की इथेच लिहीन.