शब्दचर्चा : ‘फ्री एजंट’ – मुक्त, मोकळा, सुटा की आणखी काही?

एडिसनकर

वडील सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत आलेत. वय शहात्तर, साताऱ्याकडचे, तरुणपणी कबड्डी खेळलेले. परवा मी टीव्हीसमोर करवादत होतो, ते शेजारी भाजलेल्या शेंगा फोडत बसले होते. मी म्हणालो, “नाना, हा फ्री एजंट होता आणि आमच्या लोकांनी त्याच्यावर पैसे टाकले नाहीत.” शेंगेवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, “फ्री आहे तर पैसे कशाचे? आणि एजंट कुणाचा? एलआयसीचा?”

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि धड मराठी शब्द सापडेना. म्हणून इथे विचारतोय.

संदर्भ अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळतात तो. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, करार संपला आणि खेळाडूची चार वर्षं भरलेली असली, की तो कुठल्याही संघाशी बोलणी करू शकतो. तीनच भरली असतील तर अर्धवट मोकळीक: बाहेरून कुणी बोली लावली तर मूळ संघ तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेऊ शकतो. हे सगळं मार्चच्या मध्यावर सुरू होतं, २०२५ मध्ये १२ मार्चला झालं.

दुखणं सांगूनच टाकतो. मी न्यूयॉर्क जायंट्सचा. मार्च २०२३ मध्ये आमच्या संघाने क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी डॉलर कबूल केले आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या सेक्वॉन बार्कलीला एका वर्षाच्या टॅगवर अडकवून ठेवलं, १ कोटी ९१ हजार डॉलरवर. टॅग म्हणजे करार संपला तरी संघाने खेळाडूला आणखी एक वर्ष बांधून ठेवणं. पुढच्या मार्चमध्ये बार्कली फ्री एजंट झाला आणि गेला कुठे, तर फिलाडेल्फिया ईगल्सकडे. शेजारी, आणि हाडवैरी. तिथे पहिल्याच मोसमात २००५ यार्ड पळाला आणि आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. आमचे त्या मोसमात विजय ३, पराभव १४. जोन्सला तर मोसम संपायच्या आधीच, नोव्हेंबरात, नारळ दिला होता.

तर शब्द हवेत: फ्री एजंट, रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी), फ्रँचाइज टॅग (वरचा तो एका वर्षाचा) आणि डेड मनी (काढलेल्या खेळाडूचा हिशेबात उरणारा बोजा).

डेस्कवरून

क्रीडा पानावर पंधरा वर्षं काढली आहेत. आयपीएलमुळे एक शब्द आमच्याकडे पक्का रुळलाय, ‘करारमुक्त’. अमुक संघाने तमुकला करारमुक्त केलं, हे आता वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. ‘मुक्त पत्रकार’ तर जुनाच. तेव्हा ‘मुक्त खेळाडू’ चालवून घ्या, मथळ्यात मावतो.

बोरूबहाद्दर

मथळ्यात मावतो म्हणून शब्द बरोबर, हा न्याय वर्तमानपत्रांनीच करावा! करारमुक्त ‘केला’ जातो. तिथे करार चालू असतो आणि संघ तो मधेच मोडतो. एडिसनकरांचा गडी करार पुरा करून बाहेर पडलाय. नोकरीवरून काढलेला आणि मुदत भरलेला यांना आपण एकाच शब्दाने हाक मारत नाही. जोन्स करारमुक्त. बार्कली नव्हे.

शिवाय ‘मुक्त’ला फार उंची आहे हो. मुक्त म्हटलं की मागे टाळमृदंग ऐकू येतात.

पणजीकर

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचाच, पण प्रश्न तिथेही तोच. करार संपला तरी जुना क्लब पैसे मागायचा. बेल्जियमच्या बॉसमन या खेळाडूने कोर्टात धाव घेतली आणि डिसेंबर १९९५ च्या निकालाने युरोपात ते थांबलं. तेव्हापासून करार संपला की खेळाडू मोकळा. आम्ही सरळ ‘मोकळा’ म्हणतो.

एकच विनंती, ट्रान्सफरला ‘बदली’ म्हणू नका. बदली खेळाडू म्हणजे सामना चालू असताना दुसऱ्याच्या जागी उतरलेला.

वाशिमचा

एवढं मुक्त, मोकळा कशाला करता? ही आख्खी व्यवस्था आमच्या गावात होती, अजूनही कुठे कुठे आहे. सालगडी.

पाडव्याला साल ठरतं. वर्षाचे इतके पैसे, इतकी ज्वारी, कापडचोपड. पुढच्या पाडव्याला साल भरलं की गडी मोकळा. मालक विचारतो, “राहतोस का यंदा?” गडी लगेच हो म्हणत नाही. चार दिवस पारावर बसतो, कोण किती देतंय याचा अंदाज घेतो. चांगला गडी असला तर पाडव्याच्या आधीच शेजारचा पाटील रात्री त्याच्या घरी चहाला जातो. याला आम्ही ‘गडी फोडणे’ म्हणतो. माझ्या आजोबांचा एक बैलजोडी सांभाळणारा गडी असाच फोडला होता. आजोबांनी त्या माणसाच्या पंगतीत बसणं सोडलं, ते मरेपर्यंत.

खानदेशात याला सालदार म्हणतात आणि साल आखाजीला बदलतं. तुमचं मार्चात बदलतं म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे.

तेव्हा ‘साल भरलेला गडी’. यापेक्षा नेमकं काय हवंय?

एडिसनकर

वाशिमचे भाऊ, तुम्ही तर कमाल केलीत. फोडण्याचा प्रकार इथेही आहे, आणि तो अधिकृत आहे! लीगचं नवं वर्ष मार्चात लागायच्या दोन दिवस आधी संघांना बोलणी करायची मुभा मिळते. लोक त्याला ज्या नावाने ओळखतात त्याचं मराठी ‘कायदेशीर फोडाफोडी’ असंच होईल. गंमत म्हणजे २०२४ मध्ये नियम असा होता, की त्या दोन दिवसांत दुसऱ्या संघाच्या खेळाडूच्या एजंटशीच बोलायचं, खुद्द गड्याशी नाही. अटलांटा फाल्कन्सनी क्वार्टरबॅक कर्क कझिन्सच्या वेळी हा नियम मोडला, तर नवे खेळाडू निवडायची त्यांची पाचव्या फेरीतली संधी गेली आणि अडीच लाख डॉलर दंड. म्हणजे पाटलाने चहाला जायचं, पण गड्याच्या मेव्हण्याकडे.

सालगड्याशी एक फरक मात्र आहे. तुमचा गडी साल भरलं की मोकळा. इथला कित्येक वर्षं साल भरूनही मोकळा नव्हता. नवा संघ त्याला घ्यायचा तर जुन्याला भरपाई द्यावी लागे, म्हणून कुणी घेतच नसे. १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला, १९९३ मध्ये नवा करार झाला आणि त्याच वसंतात बचावपटू रेजी व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला, चार वर्षांच्या १ कोटी ७० लाखांवर. मालकांनी मोकळीक दिली आणि बदल्यात पगाराच्या एकूण खर्चावर कमाल मर्यादा मागून घेतली. १९९४ मध्ये ती संघामागे ३ कोटी ४६ लाख होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख झाली.

बोरूबहाद्दर

मर्यादेला तिथे ‘कॅप’ म्हणतात ना? मग मालकांनी टोपी घातली म्हणा की.

पणजीकर

आणि आधीच्या काळाला कुणी ‘वेठबिगारी’ म्हणेल, त्याआधीच हात जोडतो. तेव्हाही पगार मिळत होता. वेठबिगाराला काय मिळायचं ते आपल्याला माहीत आहे.

वाशिमचा

बरोबर. ‘दावणीला बांधलेला’ म्हणा. खायला चांगलं, फक्त दावं सुटत नाही.

आणि तुमच्या त्या टॅगला शब्द तयार आहे. आमच्या म्हशींच्या कानात पशुवैद्यकीयवाले जो पिवळा ‘बिल्ला’ मारतात तोच. बार्कलीला २०२३ मध्ये बिल्ला मारला.

खतावणी

बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे फुटबॉल शून्य, हिशेब थोडाफार.

‘डेड मनी’ला इथे कुणीतरी ‘बुडीत’ सुचवणार हे उघड आहे, म्हणून आधीच लिहितो. बुडीत म्हणजे आपलं येणं, जे येणार नाही. इथे तसं नाही. समजा, सही करताना खेळाडूला २ कोटी रोख दिले आणि करार चार वर्षांचा. पैसे गेले पहिल्याच दिवशी, पण वहीत दरवर्षी ५० लाख लिहायचे. दोन वर्षांनी त्याला काढलं तर उरलेले १ कोटी एकदम वहीत येतात. रोकड कधीच गेलेली आहे. आता बसतो तो फक्त हिशेबाचा बोजा, आणि त्यामुळे नव्या माणसासाठी जागा उरत नाही. आमच्या भाषेत ही ‘मागील बाकी’.

मोठं उदाहरण हवं म्हणून मुलाला विचारलं. डेन्व्हरने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला २०२४ मध्ये काढलं, तेव्हा अशी मागील बाकी ८ कोटी ५० लाख डॉलर निघाली, दोन वर्षांत फिरवून. हे कर्जखातं मंजूर करणाऱ्याला आमच्याकडे भामरागडला बदली मिळाली असती. (पणजीकर, ही बदली चालेल ना?)

वाशिमचा

सहीच्या पैशाला ‘उचल’ म्हणता येईल का? ऊसतोडीला मुकादम देतो तशी.

खतावणी

नको. उचल फेडावी लागते. तोडकरी मधेच परतला तर मुकादम त्याच्या दारात उभा राहतो, कधी कधी पुढच्या हंगामापर्यंत ती अंगावर असते. इथे संघाने काढलं तर गडी सहीचे पैसे खिशात घालून घरी, आणि बोजा मालकाच्या वहीत. दिशाच उलटी. ‘विसार’ही नको, विसार पुढच्या रकमेचा भाग असतो. ‘सहीचे पैसे’ म्हणा, कुणालाही कळतं.

डेस्कवरून

रोस्टर राहिलं. सरकारी मराठीत रोस्टर म्हणजे आरक्षणाची बिंदुनामावली, हे सांगून वाद वाढवत नाही.

एडिसनकर

नाही, ते नको! इथे उन्हाळ्यात ९० जण असतात आणि ऑगस्टअखेर ५३ उरतात. ‘पट’ कसा वाटतो? ५३ जणांचा पट. शाळेच्या पटावरून.

बोरूबहाद्दर

पट छान आहे. कुस्तीवाले ‘पट काढला’ वेगळ्या अर्थाने म्हणतात, पण संदर्भाने कळतं. आणि तुम्ही ज्यावरून करवादत होता त्या क्रियेला मराठीत अस्सल नाव आहे: खोगीरभरती. घोड्याच्या खोगिरात चिंध्या, गवत, हाताला लागेल ते कोंबायचं. पट भरला, खोगीर फुगलं, घोडा तिथेच.

एडिसनकर

हाच, हाच शब्द! ‘संघबांधणी’ म्हणतात आणि करतात खोगीरभरती. आणि जेव्हा चिंध्या नको म्हणून मोठा हात मारतात तेव्हा चेंडू झेलणारा केनी गॉलाडे येतो: २०२१ मध्ये चार वर्षांचे ७ कोटी २० लाख, दोन मोसमांत टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार) एक. बाजार उघडताच भाव न विचारता पहिल्या गाड्यावरची मेथी उचलायची, आणि संध्याकाळी उरलेली पालेभाजी स्वस्त मिळते म्हणून पिशवी भरून आणायची. मधल्या वेळेत शहाणी माणसं खरेदी करतात. बचावपटू झेवियर मॅकिनी २०२४ मध्ये आमच्याकडूनच ग्रीन बेला गेला, आठ वेळा चेंडू हिसकावला आणि ऑल-प्रो, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांपैकी एक, ठरला.

बोरूबहाद्दर

मला मूळ प्रश्नाकडे येऊ द्या, कारण नामाच्या शोधात आपण क्रियापद विसरलोय. मराठीत जोड्या आहेत: सुटणे-सोडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे. एक आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. ‘फ्री एजंट झाला’ या इंग्रजी वळणात कर्ता गायब आहे. पाऊस पडला तसा तो फ्री झाला. मराठीत मात्र बोलणाऱ्याला बाजू घ्यावीच लागते. गडी सुटला म्हणालात तर तुम्ही खेळाडूच्या बाजूचे. फुटला म्हणालात तर मालकाचे. फोडला म्हणालात तर शेजाऱ्यावर डूख आहे. सोडला म्हणालात तर चूक मालकाची.

एडिसनकर, तुमचा बार्कली यातला कोणता?

एडिसनकर

चारही म्हणून बघितले. २० ऑक्टोबर २०२४ ला तो ईगल्सच्या कपड्यांत आमच्याच मैदानावर, ईस्ट रदरफोर्डला, १७ वेळा चेंडू घेऊन १७६ यार्ड पळाला आणि आम्ही २८–३ हरलो, तेव्हा मी ‘सोडला, सोडला’ म्हणत होतो. पण त्याला परत बिल्ला मारला असता तर? सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला माणूस, वर्षावर्षाच्या बोलीवर. त्याच्या जागी मी असतो तर सुटलोच म्हणालो असतो.

नानांना काल सगळं सविस्तर सांगितलं. जोन्सचे १६ कोटी, बिल्ला, फिलाडेल्फिया, वाढदिवसाचा सुपर बोल. पाडवा होता, बायकोने श्रीखंड केलं होतं, ते वाटी चाटून पुसून ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, “सुटला कसला नि सोडला कसला. घालवला.”

वाशिमचा

नानांना नमस्कार सांगा. आजोबा त्या गड्याबद्दल हेच म्हणायचे. फोडला असं गावाला सांगायचे, घरात म्हणायचे, मी घालवला.

बोरूबहाद्दर

‘घालवला’त आधी हातात होता हे गृहीत आहे. वेळ घालवतात, पैसा घालवतात, अब्रू घालवतात. चाहत्याचं क्रियापद हेच. नामाचं काय ते तुम्ही ठरवा, मी ‘मोकळा गडी’ला मत देतो.

एडिसनकर

मोकळा गडी, पट, बिल्ला, मागील बाकी. मी घरात हेच वापरणार.

जेवण झाल्यावर टीव्ही लावला तर आमच्या नव्या क्वार्टरबॅकची बातमी चालू होती. मार्च २०२५ मध्ये घेतलेला, वरच्या उदाहरणातला रसेल विल्सन. मी जरा उत्साहात म्हणालो, “नाना, हा बघा, मोकळा गडी घेतला आपण.”

“कुणी सोडलेला?”

“पिट्सबर्गने. म्हणजे साल भरलं तिथलं.”

“आणि त्याच्या आधी?”

“डेन्व्हरने.”

नानांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “का सोडला ते विचारलं का कुणी?”