तारा आल्या, दुसरा रूळ आला, मग मेमू रोह्यालाच का थांबते?

माणगावचा_पासवाला:
घर माणगावला, नोकरी रोह्याला धाटाव एमआयडीसीत. पहिली पाळी सातची. सव्वापाचला बाहेर पडतो, मिळेल त्या गाडीने कोलाड नाका, तिथून मिनीडोअर (सीटवर चालणारी रिक्षा). मुंबई-गोवा हायवेचं काम माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे, मुलगी आता सातवीत. गणपतीच्या दिवसांत तर माणगावच्या बाजारातून गाडी बाहेर पडेपर्यंत डबा खाऊन होतो.

स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर. रोहा ते वीर (माणगावच्या पुढचं, महाडजवळचं स्टेशन) दुहेरी मार्ग ऑगस्ट २०२१ला झाला. जून २०२२ला रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सगळी कोकण रेल्वे विजेवर आली. मुंबईत विजेची पहिली लोकल १९२५ची, आम्हाला नुसत्या तारा बघायला ९७ वर्षं. दिव्याहून रोह्याला मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेची गाडी, येते. गणपतीत चिपळूणपर्यंत सोडतात, म्हणजे गाडी चालते हे तर दिसलंच. मग एरवी वीरपर्यंत का नाही?

निवृत्त_पॉइंट्समन:
तारांनी गाडी चालते, वेळापत्रक बसत नाही. तीन गोष्टी बघा.

रोह्याला मध्य रेल्वे संपते, पुढे कोकण रेल्वे महामंडळ. रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, एकाचा, रूळ दुसऱ्याचा. हिशेब, क्रू, सगळं दोघांनी मिळून ठरवायचं.

दुसरं, वीरला गाडी उलटी फिरेपर्यंत ती उभी कुठे करायची? मेमूला दोन्ही टोकांना केबिन, इंजिन काढून लावायची भानगड नाही, पण फलाट तर अडतोच. त्यात वीरच्या पुढे एकच रूळ. खालून, गोव्याकडून, एखादी एक्सप्रेस उशिरा आली की त्याचा गोंधळ आधी वीरलाच.

तिसरं, दिवा-पनवेलवर उरणच्या बंदराचे कंटेनर. तिथे अडकलेली मेमू तुम्हाला माणगावला वेळेवर कशी मिळणार?

बाकी छोट्या टप्प्यांना मेमूच बरी. दर चार डब्यांत एक मोटरचा, त्यामुळे पटकन उचलते. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड सगळीकडे थांबली तरी फार वेळ खात नाही.

कुडाळचो_झिलगो:
तुमका निदान दुसरो रूळ तरी हा रे! आमची पॅसेंजर क्रॉसिंगाक उभी रवता, बाजूसून राजधानी जाता, आणि आमी भजी खातत बसतो. भजी बरी असतत, ह्या मात्र खरा.

माणगावचा_पासवाला:
@निवृत्त_पॉइंट्समन, दिव्याचं कळलं. पण मला दिवा नकोच आहे. सकाळी वीरहून सुटून पावणेसातच्या आत रोह्याला आणि पाळी सुटल्यावर परत, एवढीच फेरी केली तर? कंटेनरची कटकटच नाही.

निवृत्त_पॉइंट्समन:
हे बोललात ते कामाचं. पण मग रेक रात्री वीरला मुक्कामी ठेवावा लागेल, किंवा पहाटे रोह्याहून रिकामा न्यावा लागेल. अर्जात ‘लोकल द्या’ लिहू नका, तो कागद बाजूलाच पडतो. ‘वीर-रोहा मेमू, सकाळी एक, दुपारी एक’ असं लिहा. कुठल्या स्टेशनावरून किती माणसं, पाळी किती वाजता, तेही घाला. आणि एकाच कार्यालयात नाही, दोन्हीकडे द्या.

माणगावचा_पासवाला:
आमच्या खात्यातले माणगाव-इंदापूरचे एकवीस जण आजच मोजले. गोरेगाव आणि कोलाडवाले कोणी वाचत असतील तर पाळी आणि स्टेशन इथेच लिहा. रविवारी कागद करतो.