फाइल बदलली, पण वाचतंय कोण? (अनुभव धागा)

जुनाट_खोका: काल भाच्याचा फोन. तो लिनक्सवर आय-थ्री हा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) वापरतो. "मामा, आय-थ्रीचे रंग बदलले, सेव्ह केलं, पाचदा रीस्टार्ट मारला, ढिम्म!" विचारलं, कुठली फाइल? म्हणे ईटीसीमधली, म्हणजे सगळ्या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमधली. हॉस्टेलच आठवलं एकदम. मीही सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) मारमारून तीच फाइल दोन रात्री रंगवत होतो. पहिल्या लॉगिनला आय-थ्रीच्या विझार्डने "कॉन्फिग (सेटिंगची फाइल) बनवू का?" विचारलेलं, मी झोपेत एंटर दाबलेला. त्याने बनवलेली प्रत माझ्या होम फोल्डरच्या डॉट-कॉन्फिगमध्ये पडली होती. आय-थ्री आधी घरात बघतो, तिथे सापडली की ईटीसीकडे ढुंकूनही बघत नाही. तुमच्याकडे असले किस्से?

रात्रपाळी: सेम टु सेम, फक्त ओपनबॉक्स, हाही विंडो मॅनेजरच. आरसी-डॉट-एक्सएमएल बदलतोय बदलतोय... एलएक्सडीई डेस्कटॉपमध्ये ती नाहीच वाचत, एलएक्सडीई-आरसी वाचतो. आठवडा गेला माझा.

कुकरची_शिट्टी: माझा विंडो मॅनेजर बीएसपीडब्ल्यूएम. त्याची बीएसपीडब्ल्यूएमआरसी ही साधी फाइल नाही, स्क्रिप्ट आहे. सीएचमॉड प्लस एक्स (फाइल चालवायची परवानगी) विसरले. लॉगिन झालं, पण एकही बटण चालेना, टर्मिनलसुद्धा उघडेना. पोळ्या लाटता लाटता टाइपतेय, चुका सांभाळून घ्या

बाकावरचा_शेवटचा: भाजी कसली?

कुकरची_शिट्टी: गवार

बाकावरचा_शेवटचा: मग फोन ठेवा, करपेल 😄

सातारी_पेढा: तुम्हाला निदान फाइल लोड तरी करायला मिळते. डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरमध्ये सेटिंग बदललं की सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल. कॉन्फिग-डॉट-डेफ-डॉट-एच बदलून मेक इन्स्टॉल, मेक इन्स्टॉल... शेजारी कॉन्फिग-डॉट-एच आधीच बसलेली. ती असली की मेक डेफवाली घेतच नाही. रूममेट बघून गेला आणि काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

रात्रपाळी: @पेढा हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

निळा_पडदा: मी विंडोजवाला. यातलं काही कळलं नाही, पण सहवेदना.

अर्धा_कंस: माझा विंडो मॅनेजर ऑसम. त्याच्या आरसी-डॉट-लुआमध्ये एक कंस कमी. तो बिचारा सिस्टिमवाली फाइल उचलतो, त्यामुळे मूळ रूप दिसतं आणि वाटतं आपली फाइल उडाली! मी बॅकअप शोधत बसलो. हल्ली लॉगआउटआधी ऑसम डॅश-के चालवतो, चूक असेल तर ओळ सांगतं.
अवांतर: हॉस्टेल कुठलं, खोकाभाऊ? मेसची आमटी पातळ होती का?

जुनाट_खोका: @कंस आमटी कसली, तळ दिसायचा. पुण्यातलंच, नाव नको. 🙏
आय-थ्रीवाल्यांसाठी: आय-थ्री डॅश-डॅश-मोअरव्हर्जन मारा, लोड झालेल्या फाइलचा अख्खा पत्ता येतो. हे तेव्हा माहीत असतं तर दोन रात्री झोपलो असतो.

लाल_पट्टी: आणि आय-थ्रीत रीस्टार्टने साधं एक्झेक (सुरुवातीला प्रोग्रॅम चालवणारी ओळ) परत चालत नाही हो. मी वैतागून सगळीकडे एक्झेक-ऑलवेज केलं. दर रीस्टार्टला एक नवी कॉन्की (पडद्यावर घड्याळ वगैरे दाखवणारा प्रोग्रॅम). एकावर एक सहा घड्याळं.

कुकरची_शिट्टी: करपली 😑

जुनाट_खोका: @शिट्टी अरेरे. इकडे भाच्याला खरी फाइल सापडली. रंग आले, आता खालचा बार गायब. रात्री बघतो.