अपेंडिक्सच्या कॅन्सरसाठी आधीच करून घ्यायची टेस्ट असते का? (पुणे) सल्ला हवाय

कोथरूडची_लेक: नमस्कार, जरा घाबरून लिहितेय. दादा (वय ४६) गणपतीत पोट दुखतंय म्हणून अ‍ॅडमिट झाला, अपेंडिक्स काढलं, टाकेही निघाले, आम्ही निवांत झालो आणि दहा दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट आला की टोकाला ८ मिलिमीटरची गाठ, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ), ग्रेड १ म्हणजे सगळ्यात सावकाश वाढणारी. सर्जन म्हणाले पूर्ण निघालीये, पुढे काही करायला नको. पण कॅन्सर शब्द घरात आला की झोप लागत नाही हो. परवा एका लॅबचा फोन आला, फुल बॉडी पॅकेज, त्यात कॅन्सर मार्कर, चौघांनी घेतलं तर डिस्काउंट. आई म्हणतेय घेऊन टाक. घ्यावं का? की आम्ही भावंडांनी सीटी करून घ्यावा? आणि दादाचा रिपोर्ट अजून कुणाला दाखवावा?

पेठेतली_लॅबवाली: ताई, पॅकेज घेऊ नका. मी १४ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून सांगते, निरोगी माणसात अपेंडिक्सचा कॅन्सर शोधायची अशी टेस्टच नाहीये. स्तनासाठी मॅमोग्राफी असते तसं याचं काही नाही. कोलोनोस्कोपीत अपेंडिक्सचं नुसतं तोंड दिसतं, दुर्बीण आत जात नाही. सीईए (पॅकेजमध्ये असतो तसा रक्तातला कॅन्सर मार्कर) सिगारेट ओढणाऱ्यांचाही वाढलेला येतो आणि गाठ लहान असली तर नॉर्मल येतो, म्हणजे उगाच धास्ती नाहीतर उगाच दिलासा.

हा आजार बहुतेक वेळा काढलेल्या अपेंडिक्समध्येच सापडतो. आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बरणीत येतं, करंगळीएवढं, नुसतं सुजलेलं दिसतं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम टोक उभं कापतात आणि बाकीच्याच्या आडव्या चकत्या करतात, कारण तुमच्या दादांसारखी गाठ बहुतेक टोकालाच असते. शंभरातल्या एखाद्यात काहीतरी निघतं आणि ते मायक्रोस्कोपखालीच कळतं. तुमच्या दादांची बरणी लॅबला गेली हेच खरं स्क्रीनिंग समजा.

वारज्याचे_काका: वरच्या ताईंचं शंभर टक्के खरं आहे. माझ्या मेहुण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एका छोट्या नर्सिंग होममध्ये (नाव नको) रात्री साडेदहाला सिस्टरनी बरणी माझ्या हातात दिली, म्हणाल्या टेस्टिंगला द्या. कुठे द्यायची, कधी द्यायची, कुणी काही बोललं नाही. ती बरणी चार दिवस आमच्या खिडकीत पडून होती, मेहुण्याची बायको म्हणायची आता दुखणं गेलं ना, कशाला अजून खर्च. शेवटी मीच स्कूटरला पिशवी अडकवून टिळक रोडला देऊन आलो. रिपोर्ट साधा आला, पण ते चार दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. लोकहो, बरणी घरी ठेवू नका आणि रिपोर्ट आणायला विसरू नका.

सर्जरीवाला_पुणे: सर्जन आहे, थोडी भर घालतो. एक सेंटीमीटरच्या आतली ही गाठ पूर्ण निघाली असेल तर सहसा तेवढंच पुरतं. दोनच्या वर असली तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढावा लागतो, मधल्या मापात गाठ किती खोल गेलीये आणि कापलेली कड मोकळी आहे का, म्हणजे तिथे गाठीच्या पेशी उरल्या नाहीत ना, ते बघतात. ही गाठ सहसा आनुवंशिक नसते, त्यामुळे भावंडांनी सीटी करू नये. घरात कमी वयात आतड्याचे किंवा गर्भाशयाचे कॅन्सर झाले असतील तर मात्र जेनेटिक सल्ला घ्या.

लक्ष कुठे ठेवायचं तर चाळिशीनंतर अपेंडिक्स फुटून पू किंवा गोळा झाला आणि अँटिबायोटिक्सवर बरं वाटलं तर तिथे थांबू नका. अशा लोकांत मागे गाठ लपलेली असण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, म्हणून नंतर सीटी, कोलोनोस्कोपी आणि बऱ्याचदा अपेंडिक्स काढणं. अपेंडिक्सच्या गाठीचा दुसरा प्रकार चिकट द्रव तयार करणारा, त्यात महिनोन्महिने पोटाचा घेर वाढतो, कधी नवाच हर्निया येतो, बायकांत अंडाशयाची गाठ म्हणून धरलं जातं. वजन वाढलं म्हणून सोडून देऊ नका.

सेकंड ओपिनियनला नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून स्लाइड (काचेवरच्या चकत्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, तो पेशंटचा हक्क आहे. पुण्यात कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या ऑन्कोसर्जनकडे चालेल, खर्चाची अडचण असेल तर ससून, नाहीतर परळचं टाटा.

कोथरूडची_लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. पॅकेजला नाही म्हटलं, आईला हा धागा वाचून दाखवला. रिपोर्ट परत नीट वाचला, कड मोकळी असं लिहिलंय, ते पहिल्यांदा आम्ही वाचलंच नव्हतं, ट्यूमर शब्दावरच अडकलो होतो. ब्लॉक सोमवारी मिळतायत. आणि काका, वहिनीच्या मावसभावाचं शुक्रवारी हडपसरला अपेंडिक्सचंच ऑपरेशन आहे, आत्ताच फोन करून विचारलं बरणी कुठल्या लॅबला जाणार. त्याला माहीत नव्हतं, उद्या सकाळी विचारून सांगतो म्हणालाय.