गावात ओला कचरा घंटागाडीत टाकायचाच कशाला?

कापूसकोंड्या:
आमच्या ग्रामपंचायतीनं घरटी दोन बादल्या वाटल्या, एक हिरवी, एक निळी. आमच्या हिरवीत सध्या ज्वारी आहे, शेजारच्या काकूंच्या निळीत सरकी. घंटागाडी सकाळी साडेआठला येते, तोवर बाया निंदायला गेलेल्या असतात. मग कचरा जातो नाल्यात.

माझं म्हणणं असं की हा दोन बादल्यांचा हिशोब नागपूर-अमरावतीच्या फ्लॅटवाल्यांचा. गावात भाजीची देठं, शिळी भाकर ढोरा-बकरीच्या तोंडी जाते, उरलेलं उकिरड्यावर. उन्हाळ्यात तोच उकिरडा ट्रॉलीत भरून शेतात. असं असताना ओला कचरा डिझेल जाळून गावाबाहेर नेण्यात काय अर्थ? गाडीनं फक्त सुका न्यावा, ओला दिसला की परत करावा.

नाल्याकाठी:
भाऊ, तुमच्या घरी गोठा हाये म्हणून तुम्ही बोलून राहिले. आमच्या लाइनीत बारा घरं, ढोर एकाकडंही नाई. लोकायनं बैल इकले, वखरणी ट्रॅक्टरनं होते. दोन खोल्या अन् समोर डांबरी रस्ता. उकिरडा काय टिनावर करू?

कापूसकोंड्या:
ढोरं नसली तरी खत होते. आपल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी कमी शेणात जास्त खत व्हावं म्हणूनच नाडेप टाकं काढलं. १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, हवा खेळायला विटांच्या भिंतीत भोकं. शेण १०० किलोच्या आसपास, बाकी पालापाचोळा, काडीकचरा, माती, पाणी. तीन-चार महिन्यांत खत तयार. बारा घरांत एक टाकं पुरे.

नाल्याकाठी:
टाकं आमच्याकडंही बांधलं होतं. त्याच्यात आता गोवऱ्या रचून हायेत. बांधाले पैसा येते भाऊ, रोज थर द्याले माणूस येत नाई.

बांधावरचा:
कापूसकोंड्या, तुमच्या उकिरड्याचं कौतुक जरा कमी करा. मागच्या उन्हाळ्यात मी चार ट्रॉल्या शेणखत विकत घेतलं. पहिला पाऊस पडला, माती बसली आणि वावरात पन्न्याच पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या) वर आल्या. खर्र्याची पन्नी, शॅम्पूच्या पुड्या, सलाइनची नळी, एका ठिकाणी चप्पल. वखराच्या पासेला पन्नी गुंडाळली की प्रत्येक फेरीला थांबून सोडवा. म्हणजे ओला घरी ठेवला तरी वर्गीकरण सुटत नाही, उलट जास्त काटेकोर लागतं. गाडीतली चूक कचरा निवडायच्या शेडवर कोणी तरी काढेल. उकिरड्यातली चूक थेट तुरीच्या मुळाशी जाते.

आणि फवारणीच्या बाटल्यांवर कोणी बोलतच नाही. त्या ना ओल्यात, ना सुक्यात. तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, बाटलीला भोक पाडायचं आणि घरच्या कचऱ्यापासून दूर ठेवायची. आमच्याकडे त्याच बाटलीत रॉकेल, कधी गोडं तेलही भरतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले, तरी.

शेडवरची:
मी बचत गटाकडून कचरा निवडते. तुम्ही बादलीवर भांडता, हात आमचे जातात. गाठ मारलेली पिशवी सोडली की आत कालचं वरण, त्यात दाढीचं पातं. पॅड कागदात न गुंडाळता तसंच. निदान जाड कागदात बांधा आणि वर खूण करा, आम्ही उघडणार नाही.

भंगारवाला काय घेतो ते ऐका. कोरडा पुठ्ठा घेतो, ओला झाला की त्याच पुठ्ठ्याला मोल नाही. पाण्याची बाटली घेतो. दुधाची पन्नी घेतो, पण धुऊन वाळवलेली; आणि कापताना कोपरा अर्धा लटकता ठेवा, तो बारका तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. कुरकुऱ्यांचं पाकीट घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि चांदीसारखा चकाकणारा ॲल्युमिनियमचा थर एकमेकांना चिकटलेले असतात. खर्र्याची पन्नी चुन्या-तंबाखूनं माखलेली, ती कोण घेणार?

ओला घ्यायचाच नाही, हे मला मुळीच पटत नाही. परत केला की लोक तो सुक्याच्या पिशवीत तळाशी लपवतात, मग पुठ्ठाही गेला आणि पन्नीही. त्यापेक्षा घ्या, पण वेगळा घ्या.

तालुक्याचा_प्रवासी:
निवडून करायचं काय? आमच्या गावची गाडी दोन्ही कप्पे एकाच खड्ड्यात रिते करते आणि संध्याकाळी काडी लावतात. स्वच्छ भारतच्या २०२० च्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये धरले. २,००० वस्तीचं गाव म्हणजे १,२०,००० रुपये. त्यात गाडी घ्यायची, शेड बांधायचं की माणूस ठेवायचा? प्लास्टिक कचऱ्यावर प्रक्रिया करायचं युनिट तालुक्याला एक, तिथवर माल पोचवायचं भाडं कोण देणार ते आधी सांगा. तोवर माझी बादली एकच.

शेडवरची:
तुमच्या गावात जाळतात तर ग्रामसभेत विचारा. आमच्या शेडवरून दोन महिन्यांनी टेम्पो भरतो. कमाई फार नाही, पण भाडं निघते.

कापूसकोंड्या:
बांधावरच्या भाऊंचं पन्नीचं म्हणणं मान्य, माझ्याही उकिरड्यात आहे. ज्यांना अंगण नाही त्यांचा ओला गाडीनं घ्यावा, तेवढं मागे येतो. पण गोठा असलेल्या घरचा ओला गाडीत घेणं मला अजूनही येडेपणा वाटतो. आणि गाडीची वेळ? त्यावर कोणीच बोललं नाही.

नाल्याकाठी:
संध्याकाळी सातले फिरवा म्हना, बाया घरी असतात. अन् आधी ते ज्वारी बादलीतून काढा.

कापूसकोंड्या:
कोठी घेतली की काढतो.