इंग्लंडच्या खेड्यात आठवडाभरासाठी कॉटेज : कोट्सवोल्ड्स घ्यावे की लेक डिस्ट्रिक्ट?

मुळाकाठ, पुणे

नमस्कार मंडळी. येत्या जूनमध्ये मी, पत्नी आणि माझे आई-वडील असे चौघे इंग्लंडला जात आहोत. धाकटी बहीण आणि मेव्हणे रेडिंगला राहतात. लंडन पाहून झाल्यावर सहाही जणांनी एखाद्या खेड्यात आठवडाभर घर भाड्याने घ्यावे, स्वयंपाक घरीच करावा आणि आसपास निवांत फिरावे, असा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात. जिना तिला जमत नाही, पण सपाट रस्त्यावर ती अर्धा तास सहज चालते. बहिणीला ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडचा कोट्सवोल्ड्स हा टेकड्यांचा प्रदेश सोयीचा वाटतो, मला मात्र वायव्य इंग्लंडमधल्या, डोंगर-तळ्यांच्या लेक डिस्ट्रिक्टची ओढ आहे. छायाचित्रांत सगळीच घरे सारखी देखणी दिसतात, त्यामुळे त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. प्रदेश कोणता निवडावा आणि घर ठरवण्याआधी मालकाला नेमके काय विचारावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

थेम्सतीर, ऑक्सफर्ड

आपण सांगितलेल्या परिस्थितीत मी कोट्सवोल्ड्सच्या बाजूने मत देईन, आणि त्याचे कारण निसर्गसौंदर्य नसून अंतर हे आहे. रेडिंगहून लेक डिस्ट्रिक्टमधल्या विंडरमिअरला मोटारीने जायला पाच तास सहज लागतात. याउलट, लंडनच्या पॅडिंग्टनहून निघून रेडिंग आणि ऑक्सफर्डमार्गे जाणारी रेल्वे किंगम आणि मॉर्टन-इन-मार्श येथे थेट पोहोचवते. मॉर्टनचे स्थानक गावातच आहे, मुख्य रस्ता रुंद व सपाट आहे आणि दर मंगळवारी तिथे बाजार भरतो; आपल्या आईंना घरातून निघून स्वतःच्या पायांनी काही पाहता येईल, अशी ही जागा आहे.

मुक्कामासाठी बायबरी किंवा बोर्टन-ऑन-द-वॉटर मात्र निवडू नये. बायबरीची आर्लिंग्टन रो ही घरांची रांग चौदाव्या शतकात लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. ती सकाळी लवकर जाऊन अवश्य पाहावी, पण दिवस वर आला की तिथल्या गर्दीत खेडे शोधावे लागते. राहायला ब्लॉकली, किंगम किंवा चिपिंग कॅम्पडन ही गावे अधिक शांत आहेत. कॅम्पडनच्या मधाळ रंगाच्या चुनखडी दगडाच्या इमारती मध्ययुगीन लोकरव्यापाराच्या पैशातून उभ्या राहिल्या आणि बाथपर्यंत जाणारी १०२ मैलांची कोट्सवोल्ड वे ही पायवाट याच गावातून सुरू होते. कॅम्पडनला रेल्वे स्थानक नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

महिना आपण अचूक निवडला आहे. मेअखेरीस शाळांना आठवड्याची सुट्टी असते आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उन्हाळी सुट्टी लागते; या दोहोंच्या मधल्या काळात भाडे कमी असते आणि सूर्य रात्री साडेनवाच्या सुमारास मावळतो.

चुलीपाशी, स्विंडन

प्रदेशाविषयी वर लिहिले गेलेच आहे, म्हणून मी घराविषयी लिहिते. दादा, जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ असे लिहिलेले असले, तरी त्या सहांपैकी दोघे बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपणार असतात, असे अनेकदा आढळते. म्हणून छायाचित्रांपेक्षा घराचा आराखडा मागवावा आणि त्यात शयनगृहे कोणत्या मजल्यावर आहेत, न्हाणीघरे किती आहेत आणि आईंच्या खोलीपासून शौचालयापर्यंत जाताना पायऱ्या लागतात का, हे पाहावे. शंभर-दोनशे वर्षांच्या घरांत जिने अरुंद आणि उभे असतात, दारांच्या चौकटी इतक्या ठेंगण्या असतात की उंच माणसाचे कपाळ शाबूत राहत नाही आणि तळमजल्यावरही दोन खोल्यांमध्ये एखादी पायरी निघते. त्यातून घर जतन करायच्या इमारतींच्या सरकारी वारसा यादीत असेल, तर मालकाला परवानगीशिवाय खिडक्यासुद्धा बदलता येत नाहीत. त्यामुळे एकपदरी काचांतून गारवा आत येतो आणि जूनमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो. जुन्या धान्यकोठारांची किंवा तबेल्यांची जी घरे केलेली असतात, त्यांत पूर्ण तळमजला मोकळा मिळण्याची शक्यता अधिक असते. मी आपल्या जागी असते, तर आधी तीच पाहिली असती.

स्वयंपाकघराची चौकशी आपल्याला इंग्रज कुटुंबापेक्षा जास्त करावी लागते. शेगडी गॅसची आहे, विजेची आहे की इंडक्शनची, हे आधीच विचारावे. इंडक्शनवर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही, बुडाला लोहचुंबक चिकटेल अशीच भांडी लागतात. धूर बाहेर ओढणारा पंखा आहे का, हेही विचारावे. लाल मिरचीची फोडणी खमंग झाली की धुराची घंटा वाजते आणि अशा वेळी ती घंटा बंद करून ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण जुन्या घरांत लाकडी तुळया आणि लाकूड जाळण्याची शेगडी असते. गावाबाहेरच्या घरांना बहुधा सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नसून मैलाटाकी असते. तिथे उरलेले तेल मोरीत ओतू नये आणि शौचालयात टॉयलेट पेपरखेरीज काहीही टाकू नये. फोनला घरात रेंज मिळते का, हा प्रश्न वडीलधारी माणसे बरोबर असताना गौण समजू नये.

डोंगरवाट, मँचेस्टर

लेक डिस्ट्रिक्टची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. २०१७ मध्ये या प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला आणि तो उगाच दिलेला नाही. जिथे चढून ओलांडायची कुंपणे नाहीत, अशा वाटा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ या नावाने निवडून ठेवल्या आहेत. त्यांतल्या काही चाकाच्या खुर्चीनेही जाता येण्याजोग्या आहेत. मोटार नसली तरी ५५५ क्रमांकाची बस विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर आणि केझिक यांना जोडते. पाऊस मात्र गृहीतच धरावा. तिथले सीथवेट हे इंग्लंडमधले सर्वाधिक पावसाचे वस्तीचे ठिकाण असून वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस तिथे पडतो. कोकण ओळखीचे असलेल्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही, पण हा पाऊस चार महिन्यांत उरकत नाही, तो बाराही महिने थोडाथोडा येत राहतो. पाच तासांचा प्रवास आई-वडिलांना झेपत असेल, तरच हा पर्याय धरावा. अन्यथा थेम्सतीर म्हणतात ते योग्य आहे.

मुळाकाठ, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. मन वळले, कोट्सवोल्ड्सच घेऊ. बहिणीने मॉर्टनपासून चार मैलांवरचे, तळमजल्यावर शयनगृह आणि न्हाणीघर असलेले एक घर शोधले आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. मालक सर्व रक्कम आजच बँक खात्यात जमा करायला सांगतो आहे, ती करावी का? आणि आठवडाभर मोटार घेणे खरोखर आवश्यक आहे का?

थेम्सतीर, ऑक्सफर्ड

सर्व रक्कम आज, आणि तीही थेट खात्यात, अजिबात भरू नये. रूढ पद्धत अशी आहे की आरक्षणाच्या वेळी काही हिस्सा द्यायचा आणि उरलेली रक्कम मुक्कामाच्या आठ-दहा आठवडे आधी भरायची. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करण्याचा जो हक्क ग्राहकाला असतो, तो ठरावीक तारखांच्या निवासाला लागू होत नाही; त्यामुळे रद्द करण्याच्या अटी करारात काय लिहिल्या आहेत, त्यावरच सगळे अवलंबून राहते. आपल्या चौघांचे व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत मिळण्याची अट असलेलेच घर घ्यावे. आगाऊ रक्कम आपल्या बहिणीने ब्रिटिश क्रेडिट कार्डावरून भरणे उत्तम, कारण १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५व्या कलमानुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेल्या व्यवहारात विक्रेत्याबरोबर कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरली जाते. मालक कार्ड घेतच नसेल, तर त्या घराची छायाचित्रे दुसऱ्या कोणाच्या जाहिरातीतून उचललेली नाहीत ना, हे इंटरनेटवर तपासावे. मेव्हण्यांनी एखाद्या शनिवारी तिथे जाऊन घर डोळ्यांनी पाहून यावे, हे त्याहून बरे.

चार मैलांवरच्या घराला मोटार लागेलच, कारण खेड्यांतल्या बसफेऱ्या मोजक्या असतात आणि रविवारी त्या अनेक ठिकाणी नसतातच. बहिणीकडे स्वतःची मोटार नसेल, तर ती रेडिंगलाच भाड्याने घ्यावी. भारतीय परवान्यावर आपल्याला तिथे बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. गाडी ऑटोमॅटिक हवी असेल, तर आरक्षण करतानाच तसे नमूद करावे. मॉर्टनपलीकडचे रस्ते दोन्ही बाजूंनी झुडपांच्या उंच कुंपणांनी वेढलेले आणि एकाच गाडीपुरते असतात. समोरून ट्रॅक्टर आला, तर मागे घेत रुंद जागेपर्यंत जावे लागते. अशा रस्त्यावर ताशी ६० मैलांची मर्यादा कायद्याने लागू असली, तरी त्या वेगाने कोणीही शहाणा माणूस जात नाही.

घराचा ताबा बहुतेक दुपारी चारला मिळतो, म्हणून किराणा त्याच संध्याकाळी घरपोच येईल अशी मागणी मोठ्या दुकानाकडे आधीच नोंदवून ठेवावी. रविवारी पोहोचणार असाल, तर ही काळजी जास्तच घ्यावी. २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने त्या दिवशी कायद्याने फक्त सहा तास उघडी असतात आणि संध्याकाळी सहानंतर तर ती उघडी ठेवताच येत नाहीत.